धनेशाच्या ढोलीला उबदार राखाडी

सकाळचे सात. एका जंगलात, नदीच्या वळणावरच्या जुन्या बेहड्यावर, एक धनेशीण स्वतःच्या घराबाहेर फांदीवर बसून होती. घरात पोपटीण अंडं घालत होती.

घटना एवढीच आहे, मुलांनो. घर धनेशिणीचं, अंडं पोपटिणीचं.

तुमच्यातल्या हुशार मुलांनी आत्ताच हात वर केले आहेत. पोपटीण दुष्ट होती, असं म्हणायचं आहे ना? हात खाली घ्या. मी पोपटिणीला भेटलो आहे. रंगारणीला भेटलो आहे. पाटलांनाही भेटलो आहे, आणि त्यांनी मला दोनदा शिंगं दाखवली आहेत. तेव्हा आधी ऐका आणि मग काय ठरवायचं ते ठरवा.

धनेशांची रीत आधी सांगतो. ती माहीत नसेल तर पुढचं काही कळणार नाही.

राखी धनेश हा मोठ्या बाकदार चोचीचा पक्षी. अंगानं सगळा राखाडी. अंडं घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चिखल, फळांचा गर आणि स्वतःची विष्ठा. शी म्हणू नका. तुमच्या गावाकडची अंगणं कशानं सारवतात ते घरी जाऊन विचारा.

दाराला एक फट उरते, चोचीपुरती. नर बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून देतो. पिल्लं मोठी होईपर्यंत मादी आतच राहते. अंधारात.

आता जंगलाचा कायदा. ढोलीत ज्याचं अंडं, त्याची ढोली. ती कोणी शोधली, कोणी साफ केली, कोण गेल्या वर्षी राहत होतं, हे कोणी विचारत नाही. म्हणून धनेशीण घाई करते. अंडं यायच्या आत दार लिंपायचं. एकदा लिंपलं की वाघाचाही इलाज चालत नाही.

बेहड्यावरचं हे जोडपं नवं होतं. नवऱ्याचं नाव वामन. बायकोचं इंदू. पहिलंच अंडं येणार होतं. ढोली छान होती. पावसाचं पाणी आत येत नव्हतं, साप चढत नव्हता. इंदूनं चिखल आणून दारापाशी ढीग करून ठेवला होता.

"अहो," ती म्हणाली, "पोट जड वाटायला लागलंय. परवापर्यंत आत जाते मी."

"जा की," वामन म्हणाला. आणि त्याच संध्याकाळी तो साळिंदराच्या वास्तुशांतीला गेला.

इथून सगळं बिघडलं.

साळिंदराचं नाव काटदरे. त्यांनी नवं बीळ खणलं होतं आणि आतून रंगवून घेतलं होतं. वामन आत शिरला आणि दारातच थबकला. भिंती राखाडी होत्या. पण पावसाळी आभाळासारख्या उदास नाही. ऊन खाऊन आलेल्या दगडासारख्या.

"काय शांत वाटतंय हो," वामन म्हणाला.

"उबदार राखाडी," काटदरे म्हणाले. "सगळीकडे हाच चाललाय. अस्वलांनी गुहेला दिला. सशांनी तिन्ही बिळांना दिला. बस ना. भिंतीला टेकू नकोस फक्त."

"मुलं कुठे दिसत नाहीत?"

"त्यांना मावशीकडे ठेवलंय. काटे घासतात भिंतीला. ओरखडे पडतात."

"आणि तुमचे काटे?"

"मी बाहेर झोपतो," काटदरे म्हणाले. "पण आतून कसलं शांत वाटतं, बघ."

मुलं मावशीकडे गेलेल्या कुठल्याही घरात शांत वाटतं, मुलांनो. भिंती जांभळ्या असल्या तरी वाटतं. पण हे वामनला कोण सांगणार? तो भारावून घरी आला.

"इंदू, आपण ढोली रंगवून घेऊ."

इंदू चिखल मळत होती. तिनं मान वर केली.

"कशाला?"

"अगं, तू इतके दिवस आत एकटी राहणार. मी बाहेर भटकणार. मला तुझं तोंडही दिसणार नाही, नुसती चोच दिसणार. निदान भिंती तरी बऱ्या असाव्यात तुझ्यासाठी."

आता हे त्यानं मनापासून म्हटलं होतं. इंदूलाही ते कळलं. नवरे असं क्वचित बोलतात, आणि बोलतात तेव्हा बायका चिखल खाली ठेवतात. इंदूनं ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "पण परवाच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगसल्लागार आले. रंगनाथ सरडा.

यांची ओळख करून देतो. रंगनाथ पूर्वी काही करत नव्हते. कुंपणावर बसायचे आणि मान हलवायचे. एकदा ते हत्तीच्या पाठीवर बसले आणि हत्तीच्या रंगाचे झाले. खालून जाणाऱ्या सशिणीनं विचारलं, हा कुठला रंग म्हणायचा? रंगनाथ म्हणाले, उबदार राखाडी. सशीण म्हणाली, बाई, किती छान. त्या दिवसापासून ते सल्लागार झाले. शिक्षण म्हणाल तर एवढंच. मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "दृष्टी शिकवता येत नाही."

नदीपलीकडे सादड्याच्या एका पोकळ खोडात त्यांनी रंगदालन काढलं होतं. आत काहीच नव्हतं. रंगाची पाटी नाही, डबा नाही, नमुना नाही. नमुना म्हणजे ते स्वतः. गिऱ्हाईक आलं की ते अंगावर रंग आणून दाखवायचे आणि नाव सांगायचे. नावं ऐका.

ओल्या हत्तीची पाठ. विझलेल्या वणव्याची आठवण. माकडाचा संकोच. दुपारचा दगड. म्हशीचं मौन.

हसू नका. तुमच्या घरी रंग लावताना जी नावं ऐकलीत ती आठवा, आणि मग हसा.

तर रंगनाथ ढोलीत आले. एक डोळा डावीकडे फिरवला, दुसरा उजवीकडे. सरड्यांना ते जमतं. त्यामुळे ते फार विचार करत आहेत असं वाटतं.

"दार उत्तरेला आहे," ते म्हणाले.

"हो," वामन म्हणाला.

"अरेरे."

वामननं घाईनं दाराकडे पाहिलं. "काय झालं?"

"उत्तरेचा उजेड निळसर असतो. इथे चुकून थंड राखाडी लागला तर अंड्याला एकटं वाटेल."

"अंड्याला?"

"पहिले संस्कार भिंतींचेच होतात, वामनराव."

इंदू दारात उभी होती. ती म्हणाली, "सल्लागार, दार मी लिंपून टाकणार आहे. उत्तरेचा उजेड आत यायचा कुठून? फटीतून यांची चोच येईल, ती तेवढी बघायला मिळेल."

"ताई, आपला प्रश्न रास्त आहे," रंगनाथ म्हणाले. हे वाक्य ते उत्तर नसलं की वापरायचे. "पण रंग दिसण्यासाठी नसतोच. रंग जाणवण्यासाठी असतो."

"अंधारात?"

"अंधारात जास्त."

वामननं मान डोलावली. इंदूनं नवऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पंखांकडे पाहिलं.

"आणि आम्ही दोघं कोणत्या रंगाचे आहोत, ते पाहिलंत का? राखाडीच आहोत. मी आत बसले की ढोली आतून राखाडीच होते."

"तुमचा राखाडी जरा जांभळ्याकडे झुकतो," रंगनाथ हळूच म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका."

इंदूनं वाईट वाटून घेतलं नाही. तिनं चोच मिटली. धनेशीण चोच मिटते तेव्हा मोठा आवाज होतो.

मग रंगनाथांनी खोल्यांचं नियोजन सुरू केलं. ढोलीत खोली एकच होती. इंदू आत वळली की तिची शेपटी भिंतीला लागायची. रंगनाथांनी त्या जागेचे चार भाग केले. बैठक. शयनकक्ष. अंडं ठेवायची जागा. आणि मोकळा कोपरा.

"मोकळा कोपरा कशासाठी?" वामननं विचारलं.

"मोकळं वाटण्यासाठी."

चारही भागांना वेगळी छटा सुचवली गेली. बैठकीला दुपारचा दगड. शयनाला म्हशीचं मौन. वामन भारावून ऐकत होता. शेवटी इंदू म्हणाली की एकच काय तो रंग द्या, नाहीतर मी इथेच, या बैठकीत, आत्ता अंडं घालते. तेव्हा म्हशीच्या मौनावर एकमत झालं.

पण रंगनाथ म्हणाले, घाई नको. नमुना दिवसभर भिंतीवर पाहावा लागतो. सकाळच्या उजेडात वेगळा दिसतो, तिन्हीसांजेला वेगळा.

नमुना म्हणजे कोण, हे तुम्हाला आता माहीत आहे. रंगनाथ तो दिवस आणि दुसरा दिवस ढोलीत भिंतीला चिकटून बसले. इंदू बाहेर फांदीवर. वामन मधून मधून डोकावून म्हणायचा, "छान दिसतोय." दुपारी रंगनाथांसाठी त्यानं मुंग्या वेचून आणल्या. नमुन्याला भूक लागली होती.

ते परवा म्हणून जे ठरलं होतं, ते असं निघून गेलं.

आता रंगारीण. पारू खार. खारीची शेपटी म्हणजे तयार ब्रश, त्यामुळे जंगलातली रंगकामं खारींकडे असतात. पारूनं एकाच वेळी ससे, अस्वल आणि रानमांजर यांची कामं घेतली होती आणि तिघांकडेही ती "उद्या नक्की" होती. तिला फांदीवरून अक्षरशः ओढून आणावं लागलं.

रंग नदीकाठी कालवायचा ठरला. वणव्याची राख, शिंपल्यांचा चुना, डिंक, माती. पारू म्हणाली, "छटा दाखवा, म्हणजे तशी कालवते."

रंगनाथ काठावरच्या दगडावर जाऊन बसले. "ही बघ. म्हशीचं मौन."

पारूनं नमुना नीट पाहिला आणि तसा हुबेहूब रंग कालवला. कामात ती वाईट नव्हती. तो रंग ढोलीला लागला आणि वामन बघायला आला.

ढोली लालभडक झाली होती.

"हे काय?"

"दाखवला तो केला," पारू म्हणाली.

"हा राखाडी आहे?"

"मी कशाला नावात पडू? साहेब जसे दिसत होते तसा केला."

साहेब लाल दगडावर बसले होते. सरडा लाल दगडावर लाल होतो. हे पहिलीतल्या मुलाला ठाऊक आहे. तुम्हालाही आहे. पण या जंगलातल्या पक्ष्यानं, खारीनं आणि सल्लागारानं तिघांनी मिळून ते लक्षात घेतलं नाही. मी रंगनाथांना याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "छटा बरोबर होती. अंमलबजावणी चुकली."

लाल रंग खरवडण्यात एक दिवस गेला. इंदूला आता फांदीवर नीट बसता येईना. ती एका बाजूला कलून बसायची.

"अहो," ती म्हणाली, "मी आत जाते. खरवडलेल्या भिंती चालतील मला."

"उद्या होईल गं. एकच दिवस."

"अंड्याला सांगा."

दुसऱ्यांदा रंग कालवला तेव्हा रंगनाथ दगडावर बसले नाहीत. चुकीतून शिकले होते. ते करंजाच्या पानावर बसले.

हिरवा रंग खरवडण्यात आणखी एक दिवस गेला.

मग इंदूनंच सांगितलं. रंग इथे ढोलीत आणून कालवा, नमुन्याला भिंतीवर बसवा, आणि एकदाचं संपवा. तसंच झालं. रंगनाथ ढोलीच्या आतल्या लाकडावर बसले आणि लाकडाच्या रंगाचे झाले. जुन्या बेहड्याचं आतलं लाकूड राखाडी असतं. किंचित पिवळसर, उन्हात ठेवलेल्या दगडासारखं. पारूनं तसाच रंग कालवला आणि शेपटीनं भिंतीला लावला.

काम झाल्यावर वामन, पारू आणि रंगनाथ तिघंही बघत उभी राहिली. रंग कुठे लागला आहे आणि कुठे राहिला आहे, ते कळत नव्हतं. पारूनं स्वतः दोन ठिकाणी तोच हात पुन्हा फिरवला.

"अप्रतिम," रंगनाथ म्हणाले.

"किती शांत वाटतंय," वामन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "हाच. हाच हवा होता मला."

"हा होताच," इंदू म्हणाली. "लाल द्यायच्या आधी हाच होता. आता सरका, मला आत जाऊ दे."

रंगनाथ दारात आडवे झाले.

"ताई, रंग ओला आहे."

"मला दिसतो आहे वाळलेला."

"हा वरून वाळतो. आतून वाळायला वेळ लागतो. आत्ता आत गेलात तर पंखांना लागेल, भिंतीचा पोत जाईल, सगळी मेहनत वाया. दोन दिवस कोणीही आत जायचं नाही. मी स्वतः लक्ष ठेवतो."

वामननं बायकोकडे पाहिलं. बिचारा दोन्हीकडून अडकला होता. पण इतकं सगळं झाल्यावर दोन दिवसांसाठी पोत घालवायचा?

"एवढं थांब, इंदू," तो म्हणाला.

इंदू थांबली. का थांबली, असं मी तिला नंतर विचारलं होतं. ती म्हणाली, "ते रडले हो, भिंतीकडे बघून. मला बोलवेना."

आता मुलांनो, इथे कान द्या, कारण हा भाग जंगलात कोणी सांगत नाही.

रंगनाथांनी स्वतः लक्ष ठेवलं हे खरं आहे. त्या दोन दिवसांत त्यांनी ढोलीत रानमांजर आणलं. वटवाघळांचं एक कुटुंब आणलं. दोन घुबडं आणली. सगळ्यांना आतून फिरवून दाखवलं. "हे आमचं नमुना घर," ते सांगायचे. "हा शयनकक्ष. हा मोकळा कोपरा. घरमालक सध्या बाहेर असतात."

घरमालकीण पलीकडच्या फांदीवर कलून बसलेली होती. पण पाहुण्यांना तिकडे बघायला वेळ नव्हता. त्यांना शांत वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी, सातच्या सुमारास, मंजिरी पोपटीण आली. तिचेही दिवस भरले होते. तिला घर रंगवायचं होतं म्हणून ती नमुना बघायला आली. रंगनाथ तिला आत घेऊन गेले, अंडं ठेवायची जागा दाखवली आणि म्हणाले, "इथे उभ्या राहा. डोळे मिटा. जाणवतंय?"

मंजिरीला जाणवलं. फार जोरात जाणवलं.

मी तिला भेटलो तेव्हा ती लाजून म्हणाली, "माझा काही बेत नव्हता हो. पण जागाच अशी मोकळी वाटली की धरवलं नाही."

अंडं झाल्यावर ती बाहेर येऊन पंख झटकत बसली. मी तिचे पंख निरखून पाहिले. शेपटी पाहिली. पोट पाहिलं. सगळं हिरवंगार होतं. राखाडीचा एक ठिपका नव्हता. ओल्या भिंतीच्या त्या चिंचोळ्या ढोलीत ती आत गेली, वळली, बसली आणि बाहेर आली होती.

वामन धावत गवा पाटलांकडे गेला. इंदू मागून हळूहळू उडत आली. पाटील पाणवठ्यावर उभे होते. मोठा देह, छोटे डोळे, आणि कुठलंही प्रकरण चार वाक्यांत संपवायची सवय.

"अंडं आत कोणाचं आहे?" पाटलांनी विचारलं.

"पोपटिणीचं. पण पाटील, ढोली आमची आहे."

"ढोलीत अंडं तुमचं आहे का?"

"अजून आलेलं नाही."

"मग विषय संपला."

"पण रंग आमचा आहे," वामन म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "आम्ही रंग लावला आहे. तीनदा."

पाटलांनी विचार केला. एक माशी कानावरून हाकलली.

"रंग खरवडून न्या," ते म्हणाले.

मी मधे पडलो, तर पाटलांनी शिंगं दाखवली; तरी बोललो. मी म्हणालो, पाटील, मालकिणीला खोटं सांगून बाहेर बसवलं आणि तिच्या घरात गिऱ्हाइकं फिरवली, याचं काय? पाटील म्हणाले की रंगनाथांनी पाटलांच्या गोठणीला, म्हणजे बसायच्या जागेला, कुठला रंग द्यावा याचा सल्ला फुकट दिला आहे, माणूस चांगला आहे. मी म्हणालो, माणूस नाही, सरडा आहे. तेव्हा त्यांनी शिंगं दाखवली. दुसऱ्यांदा.

वामन पाण्याकाठी बसून राहिला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "तुला भिंती द्यायला गेलो, आणि भिंतीच गेल्या."

इंदूनं त्याच्या मानेवरचं एक पीस चोचीनं सरळ केलं.

"आता रडू नका. चिखल कुठे आहे आपला?"

"बेहड्याखाली. ढीग आहे तसाच."

"भिजवा आणि नदीपलीकडे आणा. चोच भरून आणा, सांडू नका. माझ्याकडे आता वेळ नाही."

"नदीपलीकडे काय आहे?"

"रंगदालन," इंदू म्हणाली.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. हे पारू खारीनं सांगितलं. ती आपली मजुरी मागायला रंगदालनात निघाली होती आणि समोरच्या फांदीवर थांबली होती. पारूचा स्वभाव कामात टाळाटाळीचा असला तरी बघण्यात ती टाळाटाळ करत नाही, म्हणून तिचं मी लिहून घेतलं.

रंगनाथ दालनात एकटे होते. खोडाच्या भिंतीवर बसून उद्याच्या गिऱ्हाइकासाठी माकडाचा संकोच बसवून बघत होते. इंदू आत शिरली.

"या ताई," ते म्हणाले. "झालं ते वाईट झालं. पण मी म्हणेन, यातून चांगलंच होईल. नव्या घराला आपण जरा गडद घेऊ."

"घेऊ," इंदू म्हणाली. तिनं ढोलीभर नजर फिरवली. खोड कोरडं होतं. साप चढण्यासारखं नव्हतं. तिनं शेपटी वळवून पाहिली. वळली.

तेवढ्यात वामन चोच भरून चिखल घेऊन आला. इंदूनं तो घेतला आणि दाराच्या कडेला लावायला सुरुवात केली. आतून.

"ताई, हे काय करताय?"

"उजेड कमी करून बघते. तुम्हीच म्हणालात ना, वेगवेगळ्या उजेडात बघावा."

"हो, पण नमुना बघताना सल्लागारानं बाहेर..."

"तुम्ही बसा," इंदू म्हणाली. "तुम्हीच तर नमुना आहात."

दार भराभर अरुंद होत गेलं. वामन चिखल आणत होता, इंदू लावत होती. इतक्या दिवसांत त्या दोघांनी मिळून काही केलं असेल तर ते हेच. पारू सांगते की रंगनाथ एकदा फटीपाशी येऊन म्हणाले, "वामनराव, मला जरा बाहेर एक काम होतं." वामन चिखल आणायला गेला होता. परत आला तेव्हा फट चोचीएवढी उरली होती आणि फटीत इंदूची चोच होती.

संध्याकाळी अंडं आलं. इंदूनं आतून सांगितलं आणि वामन तीन झाडं हिंडून सगळ्यांना सांगून आला. बाहेरचं लिंपण उन्हात वाळलं होतं. मी जाऊन पाहिलं. चिखल, गर आणि विष्ठा वाळल्यावर जो रंग येतो तो राखाडी असतो. ऊन खाऊन आलेल्या दगडासारखा. खालून जाणारी सशीण थांबली आणि म्हणाली, "बाई, किती छान. हा कुठला म्हणायचा?"

वामननं तिला हाकललं.

दुसऱ्या दिवशी जंगलात चौकशी सुरू झाली. रानमांजराची वेळ दिलेली होती, सल्लागार आले नाहीत. घुबडांच्या घरी रंग अर्धा राहिला. गवा पाटलांनी स्वतः नदी ओलांडली आणि सादड्याखाली उभे राहिले.

"वामन, रंगनाथ कुठे आहेत?"

"मला ठाऊक नाही, पाटील. मी बाहेर असतो."

"बायकोला विचार."

वामननं फटीला तोंड लावलं. "इंदू, पाटील विचारताहेत, रंगनाथ आहेत का आत?"

आत थोडा वेळ शांत होतं. खरंच शांत.

"आत अंधार आहे हो," इंदू म्हणाली. "मला काही दिसत नाही."

पाटलांनी मान हलवली आणि म्हणाले की विषय संपला.

धनेश मुख्यतः उंबर खातात, वडाची फळं खातात. अंड्यापिल्लांच्या दिवसांत मादीला त्याहून भारी काहीतरी लागतं. गोगलगाय, किडा, एखादं सरपटणारं. हे जंगलात सगळ्यांना ठाऊक आहे. वामननं त्या संध्याकाळी ताजी उंबरं नेली होती. इंदूनं ती फटीतून परत केली. दुसऱ्या दिवशीची पण परत केली. भूक नाही, म्हणाली.

का नाही, हे तिला अजून कोणीही विचारलेलं नाही.

तात्पर्य: घराचा रंग स्वतःच्या मनानं ठरवू नये. सल्लागाराला घरी बोलवावं, त्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यावं, आणि तो आत असतानाच दार लिंपावं.